खासगी म्हणजे काय? खुलासा करावा

त्या पर्सोनेल ऑफिसरचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही, आणि जाऊ द्यायची माझी इच्छाही नाही. माणूस वाईट नव्हता, देवभोळा होता, असं त्याच्या वेळचे लोक भेटले की सांगतात. ज्यांच्या घरातलं पोर उचलून नेलं नाही, त्यांना असं म्हणायला काय जातंय. दुसरा राग माझा माझ्यावर आहे. तो मोठा आहे, म्हणून त्याच्याकडे जरा सावकाश येतो.

नव्वदीच्या दशकाची मधली वर्षं होती. मी नागापूरच्या एमआयडीसीत एका कारखान्यात ट्रान्सपोर्ट सुपरवायझर होतो. कारखान्यात पंपांचे सुटे भाग बनायचे आणि ते पुण्याला, नाशिकला, औरंगाबादला पोचवायला कंपनीचे सहा ट्रक होते. ट्रक किती वाजता सुटला, किती वाजता पोचला, मध्ये कुठे रेंगाळला हे बघणं माझं काम. तोवर हे सगळं ड्रायव्हरच्या शब्दावर चालायचं. तो म्हणाला पंक्चर झाली, तर पंक्चर झाली.

मग मालकांचे जावई कुठल्याशा प्रदर्शनाला गेले आणि येताना एक परदेशी यंत्र पसंत करून आले. स्पीडोमीटरच्या मागे बसणारा, कुलूप लावलेला डबा. आत मेण चढवलेल्या कागदाची एक गोल चकती, तिच्या कडेला चोवीस तासांचे आकडे, आणि तिच्यावर टेकलेल्या बारीक सुया. गाडी चालली की सुया चकतीवर ओरखडे काढायच्या. एक रेघ वेगाची, एक अंतराची, एक गाडी चालू होती की उभी होती त्याची. संध्याकाळी डबा उघडून चकती बाहेर काढली की ड्रायव्हरचा अख्खा दिवस तुमच्या तळहातावर. ऑफिसात त्याला चार्ट म्हणायचे. ड्रायव्हर लोकांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव पापड ठेवलं.

पापड वाचण्यात माझा हात धरणारं कुणी नव्हतं. खोटं कशाला सांगू, मला मजा यायची. दुपारी सव्वा ते दोन गाडी उभी, म्हणजे ढाबा. साडेतीनला दहा मिनिटं उभी, पुन्हा चार किलोमीटर, पुन्हा दहा मिनिटं, म्हणजे वाटेत पैसे घेऊन सीट भरल्या. मी त्या रेघा भिंगाखाली धरायचो आणि ड्रायव्हरला समोर उभा करून त्याचाच दिवस त्याला वाचून दाखवायचो. एक ड्रायव्हर होता, माझ्या वडिलांच्या वयाचा. औरंगाबादच्या खेपेला त्याची गाडी रोज परतताना पंचवीस मिनिटं एकाच जागी उभी राहायची. मी त्याला मेमो काढला. तो मेमो हातात धरून म्हणाला, "सायेब, तिथं माझ्या लेकीचं घर हाय. नांदतीय तिथंच, पर दुखनाईत हाय. पानी पिऊन निघतो."

"मग अर्जात तसं लिहून द्या," मी म्हणालो.

"लेकीचं दुखनं अर्जात लिवू?" तो म्हणाला, आणि सही करून गेला.

त्या दिवशी मला त्याचं काही वाटलं नाही. उलट म्हातारा माजलाय असंच वाटलं.

वर्षभरात यंत्राचं इतकं कौतुक झालं की मालकांनी ते वरच्या लोकांवरही चालवायचं ठरवलं. कंपनीच्या चार-पाच जुन्या मोटारी होत्या. त्या आम्हा सुपरवायझर आणि ऑफिसर मंडळींना कंपनीनं स्वस्तात देऊन टाकल्या. आरसी बुकावर आमचं नाव. कामाच्या दिवशी पेट्रोल कंपनीच्या पंपावरून. अट एकच, डॅशबोर्डमागे डबा राहील आणि त्याची किल्ली पर्सोनेलकडे राहील. मोटारींच्या डब्यात सात चकत्यांची गड्डी बसायची. रात्री बारा वाजले की एक सुटून दुसरी आपोआप पुढे यायची, त्यामुळे सुट्टीचा दिवसही सुटत नव्हता. आठवड्यातून एकदा गेटवर डबा उघडायचा आणि पर्सोनेल ऑफिसरनं चार्ट तपासायचे. त्याला ते वाचायला मीच शिकवलं. शेजारी खुर्ची घेऊन, चहा पीत, आठ दिवस शिकवलं.

कुणीही तक्रार केली नाही. केडगावात आमच्या गल्लीत तोवर कुणाच्या दारात मोटार नव्हती. पांढरी गाडी दारात उभी राहिली तेव्हा माझ्या वडिलांनी, म्हणजे आबांनी, आपल्या धोतराच्या सोग्यानं तिची काच पुसली. छप्पन साली ज्यांनी धम्म घेतला त्यांच्यातले आबा. गावाकडची चाकरी सोडून नगरला आले, रेल्वेत गँगमन झाले, मला आयटीआय केलं. दारातल्या गाडीचं त्यांना काय वाटलं असेल हे मी लिहीत बसत नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "ह्यो डबा कशाचा रं?"

"कंपनीचा आहे," मी म्हणालो.

"गाडी कुनाची?"

"आपली."

आबांनी मान हलवली.

आता बहिणीचं. ती माझ्याहून चार वर्षांनी लहान. शेवगाव तालुक्यात दिलेली, आपल्याच समाजातलं घर, नवरा सरकारी नोकरीत. सोयरीक मीच जमवली होती. लग्नानंतर पाचव्या वर्षी एका सकाळी ती एसटीनं नगरला आली. डावं मनगट प्लास्टरमध्ये, आणि उजव्या हाताला तीन वर्षांची लेक. तिनं कहाणी सांगितली नाही. ब्लाउजची बाही वर करून दाखवली आणि बाही खाली घेतली. आई नव्हतीच, ती आधीच गेलेली. आबा उठून मागच्या दारी जाऊन उभे राहिले.

बैठक बसली. चार माणसं जमली, चहा झाला, आणि चारही जणांनी बहिणीला परत जायला सांगितलं. ती नाही म्हणाली. तेव्हा नवरा, ज्याला मी तोवर दाजी म्हणायचो, उठताना म्हणाला, "तू नको येऊस. पोरगी माझी हाय, तिला मी नेतो बघ." आम्ही वकील गाठला. त्यानं कोर्टात मुलीच्या ताब्याचा अर्ज टाकला आणि आम्हाला एकच गोष्ट तीन वेळा बजावली. कोर्टाचा हुकूम होईपर्यंत मुलगी आईपाशीच राहिली पाहिजे. एकदा का तो तिला आपल्या गावी घेऊन गेला, की तारखांवर तारखा पडतील आणि मुलगी आईला विसरून जाईल. म्हणून ती कुठे आहे हे सख्ख्या नातेवाइकालासुद्धा कळू देऊ नका.

आम्ही नाही कळू दिलं. आईची एक मैत्रीण होती, निवृत्त नर्सबाई, एकट्याच राहायच्या. औरंगाबाद रस्त्यानं घोडेगावच्या पुढे जिथून शनिशिंगणापूरला वळतात, त्या फाट्याच्या जवळच्या एका गावात. बहीण आणि भाची त्यांच्याकडे राहिल्या. बहीण कपडे शिवायची आणि नर्सिंगच्या प्रवेशाची तयारी करायची. हा पत्ता मला, आबांना आणि वकिलाला माहीत होता. बस.

दर शनिवारी मी त्यांना भेटायला जायचो. वीज वाचवण्यासाठी एमआयडीसीतल्या कारखान्यांच्या सुट्ट्या वेगवेगळ्या वारी वाटलेल्या होत्या आणि आमच्या वाट्याला शनिवार आला होता. गाडीत पेट्रोल स्वतःचं भरायचो. धान्य, शिवणाचं कापड, भाचीसाठी काहीतरी, असं घेऊन निघायचो. एसटीनं जाता आलं असतं. हे वाक्य मी गेल्या कित्येक वर्षांत इतक्यांदा मनात म्हटलंय की त्याचा चोथा झालाय. एसटीनं जाता आलं असतं. पण दारात गाडी असताना एसटीच्या फळीवर चेंगरून बसायचं कशाला, हा माज होता. आणि हॉर्न वाजला की भाची अंगणातून "मामाची गाडी" म्हणत पळत यायची. ते मला पाहिजे होतं.

पहिल्या आठवड्यानंतर पर्सोनेलकडून रजिस्टर आलं. सुट्टीच्या दिवशी दहा किलोमीटरच्या वर गाडी चालली तर शेऱ्याच्या रकान्यात कारण लिहायचं, असा नियम. मी लिहिलं, "खासगी काम." रजिस्टर परत आलं. माझ्या अक्षराखाली लाल शाईत लिहिलेलं होतं, "खासगी म्हणजे काय? खुलासा करावा."

मी त्याच्या टेबलापाशी गेलो. म्हणालो, "साहेब, घरगुती आहे."

"अहो, सगळ्यांचंच घरगुती असतं," तो म्हणाला. "चाळीस किलोमीटर जायचं, चाळीस यायचं, मध्ये तीन तास. दर शनिवारी. उद्या ऑडिटवाला विचारील तर मी काय सांगू? ठिकाण लिहा की. लपवायचं काय आहे त्यात?"

मी तिथं उभा राहून विचार केला. फार हुशारीनं केला. चार्टवर ठिकाण नसतं, नुसतं अंतर आणि वेळ असते, हे माझ्याएवढं कुणाला ठाऊक होतं? तेव्हा चाळीस किलोमीटरवरचं असं ठिकाण सांगायचं, की जिथं माणूस शनिवारीच जातो आणि जिथं तीन तास सहज मोडतात. ते माझ्या जिभेवर तयार होतं. मी लिहिलं, "शनिशिंगणापूर, दर्शन."

ऑफिसरचा चेहरा एकदम मऊ झाला. "तुम्ही? अरे वा." मग आवाज खाली आणून म्हणाला, "साडेसाती का?"

"हो," मी म्हणालो.

त्या दिवसापासून माझे चार्ट तपासायचं त्यानं जवळजवळ सोडूनच दिलं. पाहायचा, मान डोलवायचा, बाजूला ठेवायचा. शुक्रवारी संध्याकाळी तो मला तिळाच्या तेलाची छोटी बाटली द्यायचा, माझ्या नावानं वाहा म्हणून. ते तेल नर्सबाईंच्या गुडघ्यांना लागलं आणि त्यांना बराच उतार पडला. येताना मी हायवेवरच्या दुकानातून पेढे घ्यायचो आणि रविवारी प्रसाद म्हणून त्याच्या हातावर ठेवायचो. तो ते डोळे मिटून खायचा. मला हसू यायचं. गाडी चालवताना मी एकटाच मोठमोठ्यानं हसायचो. कसा गंडवला, म्हणायचो.

असे पाच-सहा महिने गेले. कोर्टाची तारीख जवळ आली होती.

मग बहिणीचा नवरा माझ्या कारखान्यात आला. मी त्या दिवशी माल चढवायला यार्डात होतो, मला पत्ताही नव्हता. गेटवर त्यानं माझं नाव सांगितलं, नात्यानं मेहुणा म्हणून सांगितलं, आणि पर्सोनेल ऑफिसरला भेटायचंय म्हणाला. आत जाऊन त्याच्यासमोर बसून तो रडला. बायको नेली, लेक नेली, मेहुणा पत्ता देत नाही. ऑफिसरनं त्याला चहा मागवला, आपला रुमाल दिला, आणि धीर देत म्हणाला की तुमचे मेहुणे भले माणूस आहेत, आता तर देवाधर्माला लागलेत, दर शनिवारी शिंगणापूरला जातात, तिथं गाठून शांतपणे बोला. पुरावा म्हणून त्यानं कपाटातून माझे चार्ट काढून दाखवले. निघायची वेळ, पोचायची वेळ, थांबायची वेळ. सगळे शनिवार एका गड्डीत.

हे मला नंतर ऑफिसरनंच सांगितलं, म्हणून कळलं. तो म्हणाला, "मी शिंगणापूर म्हणालो तर ते रडता रडता हसायलाच लागले. मला काही कळेना."

त्याला कसं कळणार? मला हसणाऱ्याच्या जागी बसवलं तर मीही हसलो असतो. छप्पन साली देव सोडलेल्या माणसाचा मुलगा, ज्याच्या घरात कधी कुंकवाचा करंडासुद्धा दिसत नाही, तो दर शनिवारी शनीला तेल वाहतोय! ऑफिसरला ते सहज पटलं, कारण त्याला आवडलं. कारखान्यातल्या आठशे माणसांनाही पटलं असतं. त्या जिल्ह्यात ज्याला ते पटणारच नाही असा माणूस शोधायचा तर तो आमच्यातलाच पाहिजे होता, आणि नेमका तोच त्या खुर्चीवर येऊन बसला. तो ओळखून चुकला की मी खोटं लिहिलंय. आणि मी खोटं लिहिताना खऱ्या रस्त्याचं नाव लिहून ठेवलं होतं.

यंत्राला दिशा कळत नव्हती. चाळीस किलोमीटर म्हणजे पुण्याकडचं सुपं असू शकलं असतं, श्रीगोंद्याकडचं एखादं गाव असू शकलं असतं, बीड रस्ता असू शकला असता. तो चारही बाजूंना शोधत बसला असता आणि तोवर तारीख येऊन गेली असती. नगर जिल्ह्यातले सगळे रस्ते मोकळे सोडून मी त्याला औरंगाबाद रस्त्यावर आणून उभा केला, निघायची वेळ सांगितली आणि सही केली.

पुढच्या शनिवारी मी नेहमीसारखा निघालो. घोडेगावला चहाच्या टपरीपाशी एक जीप उभी होती. ती माझ्या मागे निघाली हे मी आरशात पाहिलं. पण शनिवारी त्या रस्त्याला जीपच जीप असतात, माणसं कोंबून, टपावरसुद्धा. मी नर्सबाईंच्या गावात वळलो, हॉर्न दिला, भाची पळत आली. जीप सरळ पुढे गेली. मी तीन तास थांबलो. डाळ-बट्टी खाल्ली. भाचीला मांडीवर बसवून स्टिअरिंग धरू दिलं.

सोमवारी सकाळी अकराच्या सुमाराला नर्सबाई बाजारात गेल्या होत्या. बहीण आत मशीनवर होती. बाहेर हॉर्न वाजला. हॉर्न ऐकून भाची अंगणात धावली. बहिणीला वाटलं, सोमवारी दादा कसा आला. ती उठून दारात येईपर्यंत तिच्या सासूनं नातीला जीपमध्ये घेतलं होतं आणि नवरा मागच्या फळीवर पाय देऊन उभा होता. बहीण जीपमागे फाट्यापर्यंत अनवाणी पळाली. तिथून कुणीतरी तिला परत आणून सोडली.

पोलिसांत गेलो तर ठाणे अंमलदार म्हणाला, "बापानं स्वतःची पोरगी नेली, त्यात गुन्हा काय लिहायचा?"

दुसऱ्या दिवशी मी पर्सोनेलच्या खोलीत शिरलो. त्यानं मला बसायला सांगितलं आणि भोळेपणानं सगळं सांगून टाकलं. मी ऐकून घेतलं. मग म्हणालो, "माझ्या गाडीचे कागद तुम्ही परक्या माणसाला दाखवलेच कसे?"

"परका कसला? तुमचे पाहुणे आहेत."

"गाडी माझी. सुट्टी माझी. पेट्रोल माझं. मी कुठे जातो हे सांगायचा तुम्हाला काय अधिकार?"

"आवाज खाली करा," तो म्हणाला. आता त्यालाही राग चढला होता. "चार्ट कंपनीचे आहेत. आणि नवऱ्याला बायकोचा ठावठिकाणा कळला तर आभाळ कोसळत नाही. तुम्ही मात्र देवाच्या नावानं खोटं लिहिलंत. माझ्या हातून सहा महिने तेल घेतलंत. शरम वाटली पाहिजे."

"तुमच्या तेलानं म्हातारीचे गुडघे बरे झाले," मी म्हणालो. "देवानं तरी काय केलं असतं त्याचं?"

तो उभा राहिला. माझ्याकडे पाहत त्यानं एकच वाक्य म्हटलं, की तुमच्या लोकांकडून दुसरी अपेक्षाच चुकीची. सहा महिने माझ्या हातचा पेढा डोळे मिटून खाणारा माणूस! मी त्याच्या अंगावर हात टाकला नाही, याचा मला आजही अधूनमधून पस्तावा होतो.

बाहेर येऊन मी यार्डात गाडीचं दार उघडलं, स्क्रू ड्रायव्हर घेतला आणि तो डबा डॅशबोर्डमधून उपसून काढला. केबल तुटली, काच फुटली, बोट कापलं. सगळे ड्रायव्हर काम सोडून बघत होते. मला वाटलं कुणीतरी शाबास म्हणेल. मी डबा सिमेंटवर आपटला तेव्हा तो लेकीच्या घरी पाणी पिणारा म्हातारा ड्रायव्हर पुढे आला. त्यानं सिमेंटवर विखुरलेल्या चकत्या उचलल्या, झटकल्या आणि माझ्या हातात दिल्या.

"आमच्या टायमाला न्हाई सुचलं हे तुमाला," तो म्हणाला, आणि आपल्या ट्रककडे गेला.

मी दुपारीच राजीनामा दिला.

कोर्टात त्याच्या वकिलानं माझं रजिस्टर हजर केलं. कंपनीनं ते आनंदानं दिलं होतं. सव्वीस शनिवार, सव्वीस वेळा माझं अक्षर, "शनिशिंगणापूर, दर्शन." वकिलानं ते एकेक करून वाचून दाखवलं आणि म्हणाला, जो भाऊ लेखी खोटं बोलतो, धर्माच्या बाबतीतसुद्धा खोटं बोलतो, त्याच्या भरवशावर ही मुलगी ठेवायची का? आबा मागच्या बाकावर बसले होते. प्रत्येक वाचनाला त्यांची मान थोडी थोडी खाली जात होती. संध्याकाळी घरी आल्यावर ते म्हणाले, "दुसरं काईच सुचलं न्हाई तुला? आजारी मानूस बघाया जातो, येवढं तरी लिवायचं." मी म्हणालो, ते खरं वाटलं नसतं. आबा म्हणाले, "आन् हे वाटलं?"

दोन वर्षं तारखा चालल्या. मध्ये महिन्यातून एकदा, कोर्टाच्या आवारात, शिपायाच्या देखत तासभर भेट. पहिल्या भेटीला भाची आईच्या गळ्यात पडली. सहाव्या-सातव्या भेटीला ती आईला "तुमी कवा जानार?" असं विचारू लागली. बहीण घरी येऊन मशीनवर बसायची आणि नुसतं रिकामं चाक फिरवायची. माझ्याशी ती बोलायची, नाही असं नाही. जेवलास का, भाजीत मीठ बरं आहे का, असं.

शेवटी हुकूम झाला. मुलगी पाच वर्षांपेक्षा मोठी झाली होती, तरी आईच्याच ताब्यात आली. तोवर बहिणीचं नर्सिंगही पुरं झालं होतं आणि दुसऱ्या जिल्ह्यात तिला नोकरी लागली होती. तो माणूस मात्र कोर्टाच्या पायऱ्यांवरच म्हणाला होता, एकदा उचलली तशी परत उचलीन. जायच्या आदल्या दिवशी बहीण ट्रंक भरत होती. मी म्हणालो, "मी सोडायला येतो. गाडीत आता डबा नाही, बघ हवं तर."

"नको दादा," ती म्हणाली. "आणि गाव कोणतं तेबी विचारू नको. मी सांगनार न्हाई."

"मी कुणाला सांगीन असं वाटतं तुला?"

ती साडीची घडी घालत राहिली. "मागच्या वेळीबी तू कुनाला सांगितलं नव्हतंस," ती म्हणाली.

मी बाहेर येऊन ओट्यावर बसलो. राग आला होता. कुणावर हे ठरवता येत नव्हतं, म्हणून गाडीच्या टायरला लाथ घातली.

तेव्हापासून दोन-तीन महिन्यांतून एकदा आबा त्यांच्याकडे जातात. पिशवीत शेंगदाण्याचे लाडू, नातीसाठी वह्या, धुतलेलं धोतर. पहिल्यांदा निघाले तेव्हा पिशवी जड होती, ऊन तापलेलं, म्हातारा माणूस. मी गाडीची किल्ली घेऊन उभा राहिलो. म्हणालो, "गावाला नको म्हणता तर नको. स्टँडपर्यंत तरी सोडतो."

आबांनी पिशवी माझ्या हातातून काढून घेतली.

"नको," ते म्हणाले. "मी कंच्या एसटीत बसलो ते तुला दिसंल."